गुडघ्याएवढा पूर

सूड घ्यायचा असेल तर घाई करू नये, हे मला कुणी शिकवलं नाही. माझं मीच शिकले. पाच महिने मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसले होते. भाजीत मीठ कमी पडलं तरी ज्या बाईला बोलल्यावाचून राहवत नाही तिने, पाच महिने. माझ्या नवऱ्याला ते अजून खरं वाटत नाही.

शहाद्याच्या बाजूला, तापीच्या पट्ट्यात, केळी आणि उसाच्या मधोमध आमचं पदविका कॉलेज आहे. मी तिथे स्थापत्य शाखेच्या पोरांना पाण्याचा विषय शिकवते. पाणी पायपातून कसं जातं, नाल्यातून कसं जातं, बांधावरून पडलं की खाली काय उकरतं, हे सगळं. पोरं त्याला 'पाणीवाल्या मॅडमचा पेपर' म्हणतात आणि नेमकी त्यातच गचकतात.

आमच्या प्रयोगशाळेत एक फ्लूम आहे. फ्लूम म्हणजे पाणी वाहवायची लांबलचक पन्हळ. आठ मीटर लांब, साठ सेंटिमीटर रुंद, दोन्ही बाजूंना पारदर्शक पत्रा, खाली लोखंडी घोडे, शेवटी टाकी आणि तिथून पाणी पुन्हा वर आणणारे दोन पंप. ती मी बांधली. दोन वर्षं लागली. वेल्डरच्या मागे उन्हातान्हात फिरले, गळक्या सांध्यांवर रविवारच्या रविवार बोटं काळी केली. माझ्या जोडीला एकच माणूस होता, प्रयोगशाळेचे परिचर. आम्ही सगळे त्यांना लॅबवाले भाऊ म्हणतो. धडगावच्या पुढे डोंगरात त्यांचा पाडा. घरात पावरी बोलतात, मराठी आश्रमशाळेत शिकले, आणि अठरा वर्षं या प्रयोगशाळेत पाण्याचा आवाज ऐकून कुठला व्हॉल्व्ह किती उघडा आहे ते सांगतात. मला ते ताई म्हणायचे.

फ्लूमचं उद्घाटन झालं तेव्हा आमचा विभागप्रमुख नवा कोट घालून आला. कॉलेजात मी त्याला अहोजाहो करते, 'सर' म्हणते. इथे नाही म्हणणार. इथे तो 'तो'च. फ्लूमच्या कडेला त्याने पितळी पाटी लावून घेतली होती, 'संकल्पना व उभारणी', आणि खाली त्याचं एकट्याचं नाव. आयत्या बिळावर नागोबा! पाहुण्यांना त्याने फ्लूमभोवती फिरवलं आणि माझ्यापाशी आल्यावर म्हणाला, "आणि या आमच्या मॅडम. यांची पाणी भरायला फार मदत झाली."

सगळे हसले. तळपायाची आग मस्तकात गेली, पण मीही हसले. पाटीचं मी एक वेळ विसरले असते. मी हसले, ते काही केल्या विसरता येईना. रात्री अंथरुणावर पडलं की माझंच ते हसू मला दिसायचं. त्या दिवसापासून मी त्याला पाण्यात पाहायला लागले.

मग फरशीचं काम आलं. लॅबवाल्या भाऊंचा पाडा आणि धडगावचा रस्ता यांच्यामध्ये एक नाला आहे. उन्हाळ्यात त्यात बकरीची तहान भागणार नाही, आणि आषाढ लागला की दोन-दोन दिवस कुणाला इकडून तिकडे जाता येत नाही. भाऊंच्या मुलीला त्याच पाड्यात दिलेली. तिच्या पहिल्या खेपेला पोटात कळा सुरू झाल्या तेव्हा नाल्याला पूर होता. बांबूला झोळी बांधून तिला काठापर्यंत आणली आणि पाणी उतरायची वाट बघत माणसं तिथेच बसली. मूल तिथेच झालं, आणि गेलं. हे भाऊंनी मला फ्लूमचा सांधा भरता भरता सांगितलं होतं, हात न थांबवता.

तर त्या नाल्यावर फरशी करायचं ठरलं. फरशी म्हणजे कमी उंचीचा पूल, स्लॅबखाली पाण्याला जायला पाइप. किती उंच करायची, किती पाइप टाकायचे, यावर बांधकामवाल्या साहेबांमध्ये एकमत होईना. कुणीतरी म्हणालं, कॉलेजात फ्लूम आहे, तिथे छोटं मॉडेल करून बघा. झालं. आमच्या प्रमुखाने संधी पकडली. "गणित माझ्यावर सोडा," म्हणाला. मला जर्नलं तपासायला बसवलं.

भाऊ मात्र पोरासारखे खूश झाले. गावी जाऊन नाल्यातली वाळू घेऊन आले, मॉडेलच्या तळाला तीच टाकली. मॉडेल पंचवीस पटीने लहान होतं. पंधरा मीटरचा नाला आमच्या साठ सेंटिमीटरच्या फ्लूममध्ये बरोबर मावला. भाऊंनी सागाच्या ढलपीची एक बाहुली कोरली, बोटाएवढी, पंचवीस पट लहान माणूस. तिच्यावर चाकूने चार रेघा मारल्या. घोटा, गुडघा, कंबर, छाती. त्यांच्या पाड्यात पाणी फुटात मोजत नाहीत. "आज नाल्याला कंबर आहे" असं म्हणतात, आणि ऐकणाऱ्याला कळतं की आज म्हातारीला पाठवायचं नाही. तीन वर्षांपूर्वीच्या मोठ्या पुराला छाती होती. काठावरच्या उंबरापाशी भाऊ स्वतः त्या पाण्यात उभे होते. साहेब लोकांनी त्याच पुराचा आकडा काढून मॉडेलसाठी दिला होता. म्हणून उंबराच्या जागी भाऊंनी एक काडी रोवली आणि तिच्याशेजारी बाहुली घट्ट बसवली.

श्रावणातल्या कानबाईचं विसर्जन होऊन चार दिवस झाले असतील. मी खडू शोधायला त्याच्या केबिनमध्ये गेले. तो नव्हता. टेबलावर गणिताचा कागद उघडा पडलेला, त्याच्या टपोऱ्या अक्षरातला. मी वाचला. पुन्हा वाचला. मग दार लोटून घेतलं आणि तिसऱ्यांदा वाचला.

आता हे जरा समजावून सांगते, कारण सगळी गंमत यातच आहे. वस्तू लहान केली की तिचं सगळंच सारख्या पटीने लहान होत नाही. अर्ध्या रुंदीची भाकर थापली तर पीठ अर्धं लागत नाही, पाव लागतं. बाईला हे हाताने कळतं. पाण्याचंही तसंच. नाला लांबीला पंचवीस पट, रुंदीला पंचवीस पट, खोलीला पंचवीस पट लहान केला, म्हणजे त्यात मावणारं पाणी पंचवीस गुणिले पंचवीस गुणिले पंचवीस, असं पंधरा हजार सहाशे पंचवीस पट कमी झालं. इथवर त्याचं बरोबर होतं. पण पूर आपण नुसत्या लिटरमध्ये मोजत नाही, सेकंदाला किती लिटर असा मोजतो. आणि लहान नाल्यात काळही लहान होतो. उभा ओंडका आडवा व्हायला जास्त वेळ लागतो, उभी काडी पटकन आडवी होते, कारण दोघांना ओढणारी पृथ्वी एकच आहे. पंचवीस पटीच्या मॉडेलमध्ये सगळं पाच पट लवकर घडतं. तिथला सेकंद म्हणजे आपल्या सेकंदाचा पाचवा हिस्सा. म्हणून पंधरा हजारांच्या त्या आकड्याला पाचने भागायचं, आणि मग त्याने पूर भागायचा. पोरांना मी पहिल्या तासाला हेच सांगते. लांबी, वजन आणि काळ, तिन्हींचा हिशेब दोन्ही बाजूंना जुळला नाही तर गणित खोटं.

त्याने लिटर लहान केले होते आणि सेकंद तेवढाच ठेवला होता! नाल्यात सेकंदाला साडेबासष्ट हजार लिटर येणारा पूर. मॉडेलमध्ये त्याचे वीस लिटर व्हायला हवेत. त्याने काढले होते चार. पाचवा हिस्सा पाणी सोडून तो पूर सोडल्याचं नाटक करत होता. चार लिटरमध्ये कुठलीही फरशी कोरडी राहील, माझ्या घरचा बसायचा पाटसुद्धा राहील.

मला आनंद झाला. लाज न बाळगता सांगते, दिवाळीत झाला नसेल इतका आनंद झाला.

त्या दुपारी भाऊ बँकेत गेले होते. मी फ्लूमपाशी एकटी. फरशी उचलून बाजूला ठेवली, नुसता नाला राहू दिला, आणि दोन्ही पंप लावून वीस लिटर सोडले. पाणी चढलं आणि बाहुलीच्या छातीच्या रेघेला येऊन टेकलं. तंतोतंत. भाऊंच्या पाड्याने अंगावर मोजलेला पूर आणि माझं गणित एका रेघेवर आले. मग मी त्याची फरशी पुन्हा बसवली. पाण्याला अडथळा झाला, ते गळ्याशी आलं आणि स्लॅबवरून धो धो वाहायला लागलं. आधी छातीएवढ्या पाण्यात निदान उंबराला धरून उभं राहता येत होतं. या फरशीमुळे माणूस बुडाला असता.

मी पंप बंद केले, सगळं पुसून जसंच्या तसं ठेवलं. चार दिवसांत मी बरोबर फरशीचं चित्रही काढलं. त्याच्या फरशीपेक्षा मीटरभर उंच, गोल पाइपांऐवजी रुंद चौकोनी वाटा. घडी घालून कपाटात ठेवलं आणि किल्ली पर्समध्ये टाकली.

तेव्हाच सांगायला हवं होतं, हे मला आज कुणी सांगू नये. सांगितलं असतं तर काय झालं असतं तेही मला माहीत आहे. "अरे हो की, बरं झालं लक्षात आणून दिलंत," असं म्हणून त्याने खोडरबराने चार खोडून वीस लिहिलं असतं, माझं चित्र स्वतःच्या नावाने दिलं असतं आणि फरशीवर आणखी एक पितळी पाटी लागली असती. जानेवारीत, सारंगखेड्याची यात्रा आटोपल्यावर, साहेब लोक मॉडेल बघायला येणार होते. त्यांच्यासमोर मी त्याचं नाक कापणार होते. तोवर गप्प.

नवऱ्याला मी सांगितलं. घरात आम्ही अहिराणीच बोलतो. तो म्हणाला, "सांगी टाक ना त्याले. कसाले डोकं तापाडी ऱ्हायनी?"

"आते नही. जानेवारीत सांगसु."

"आनि त्या भाऊनं गाव?"

"जानेवारीत बरोबर चित्र दी टाकसु. मंग व्हई जाई फरशी."

तो पेपर वाचत बसला. मला वाटलं त्याला पटलं.

दिवाळीच्या सुट्टीनंतर एक दिवस प्रमुख चाचणी घेऊन गेला आणि भाऊ फ्लूमपाशीच उभे राहिले. बराच वेळ बाहुलीकडे बघत होते. मग माझ्याकडे आले.

"ताई, एक विचारू? सरांच्या पुरात बाहुली गुडघ्यापर्यंतच भिजते. तो पूर छाती होता. मी होतो ना त्यात."

अठरा वर्षांत या माणसाने कुणाच्या गणितावर बोट ठेवलं नव्हतं. आणि बघा, पाटीवाल्याला जे दिसलं नाही ते यांना एका बाहुलीवरून दिसलं. मला त्यांचा अभिमान वाटायला हवा होता. मला भीती वाटली. हे त्याच्याकडे जाऊन बोलले तर माझी जानेवारी बुडाली!

"मॉडेल आहे भाऊ," मी म्हटलं. "लहान केलं की पाणीही लहान दिसतं. सरांनी गणित केलंय."

"तुम्ही बघितलंय ना पण?"

"बघितलंय."

"मग झालं," ते म्हणाले, आणि खरंच त्यांचा चेहरा सुटला. त्या आठवड्यात ते गावी जाऊन आले. पाड्यात सगळ्यांना सांगून आले की ताईंनी स्वतः बघितलंय.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात चहा घेताना त्यांनी मला हळूच सांगितलं की मुलीला दिवस गेलेत. श्रावणात होईल. "तोवर फरशी होऊन जाईल," म्हणाले. "या खेपेला गाडी थेट दाराशी येईल." मी म्हटलं, होणारच. ते मी मनापासून म्हटलं होतं. माझ्या कपाटात बरोबर चित्र होतं, आठ दिवसांचाच प्रश्न होता. ते आठ दिवस मी मोजून काढले.

तो दिवस उजाडला. बांधकामवाले साहेब आले, आमचे प्राचार्य आले, भाऊंच्या पाड्यातली चार म्हातारी माणसं जीपमध्ये दाटीवाटीने बसून घाट उतरून आली आणि भिंतीपाशी उभी राहिली. तो कोट घालून आला. तोच कोट. बोलला, बोलला, बोलला. मग पंप लावला. पाणी आलं, बाहुलीच्या गुडघ्याला लागलं, पाइपांमधून शहाण्यासारखं निघून गेलं. "बघा," तो म्हणाला, "इतका मोठा पूर, आणि फरशी कोरडी."

टाळ्या पडल्या. टाळ्या पूर्ण होऊ दिल्या मी. मग उठले.

"सर, एक बादली मिळेल का? पाणी भरायचं होतं."

त्याला कळलं नाही. भाऊंनी वीस लिटरची बादली आणली. मी म्हटलं, "परतीच्या पायपाखाली धरा, भाऊ." आणि सगळ्यात मोठ्या साहेबांना म्हटलं, "तुम्ही मोबाइलवर वेळ लावा." बादली भरायला पाच सेकंद लागले. "म्हणजे सेकंदाला चार लिटर," मी म्हटलं. "आता सरांना विचारा, चार कसे आले."

त्याने फळ्यावर गणित मांडलं. ठसक्यात मांडलं. खाली रेघ ओढेपर्यंत मी थांबले.

"लिटर लहान केलेत, सर. सेकंद का नाही केला?"

खडू त्याच्या हातात तसाच राहिला. पोरांच्या तोंडी परीक्षेत मी तो चेहरा शेकडो वेळा पाहिलाय. चूक कुठे आहे ते कळत नाही, पण आहे एवढं कळलेलं. मोठ्या साहेबांना कळलं. ते पुटपुटले, "बाप रे, पाच पट." मी दुसरा पंप लावला, व्हॉल्व्ह सोडला. पाणी चढत गेलं. गुडघा, कंबर, छाती. गळ्याशी आलं आणि फरशी पाण्याखाली गेली. भिंतीपाशी उभा असलेला एक म्हातारा पुढे आला, त्याने हाताने स्वतःची छाती दाखवली, मग गळा दाखवला, आणि फरशीकडे बोट करून पावरीत काहीतरी विचारलं.

इथे मी बसायला हवं होतं. पण जीभ सैल सुटली होती, आणि मला तिला आवरायचंही नव्हतं. मी म्हटलं, "हे मला आज कळलेलं नाही. ऑगस्टपासून माहीत आहे. पाच महिने बघतेय, सरांच्या लक्षात येतं का ते. नाही आलं. असू दे, सर. पाणी भरायला मदत लागली तर सांगा."

या वेळी कुणी हसलं नाही, पण तो लाल झाला, पांढरा झाला, आणि पंप बंद करायला विसरून बाहेर गेला. अहाहा! ती दुपार मी आजही कुणाला उसनी देणार नाही. पाटी आठवडाभरात उतरली. पुढच्या महिन्यात त्याचं प्रमुखपदही गेलं, ते माझ्याकडे आलं. त्याची केबिन मला मिळाली. खुर्चीवरची त्याची गादी मी काढून टाकायला लावली.

मग मी कपाट उघडून बरोबर फरशीचं चित्र मोठ्या साहेबांकडे घेऊन गेले. साहेबांनी शांतपणे पाहिलं. चांगलं आहे म्हणाले. घडी घालून माझ्याकडे परत सरकवलं.

"मॅडम, तुमचं बरोबरच असेल. पण तुमच्या प्रयोगशाळेच्या कागदावर आता मी सही कशी करू? एकाला येत नव्हतं, आणि दुसरीला येत असून ती पाच महिने गप्प बसली. आणखी काय लपलंय ते मला काय ठाऊक?"

"पण पावसाळ्याच्या आत झाली नाही तर..."

"ऑगस्टमध्ये तुम्ही आला असतात तर दिवाळीनंतर काम लावलं असतं. आता बाहेरच्या मोठ्या प्रयोगशाळेकडे पाठवतोय. तिथला नंबर लागेल तेव्हा लागेल. यंदा नाही."

मी भांडले. मी उत्तम भांडते. उपयोग झाला नाही.

भाऊंना मी सांगितलं की काम जरा लांबलंय. ते "बरं" म्हणाले. होळीआधीच्या भोंगऱ्याच्या बाजाराला सुट्टी घेऊन गेले, होळी करून परत आले. तेव्हापासून चहा टेबलावर ठेवायचे आणि निघून जायचे. पूर्वी टेकून उभे राहायचे, दोन शब्द बोलायचे. मला वाटलं थकलेत. खोटं कशाला बोलू, मला तसं वाटून घ्यायचं होतं.

मृगाचा पाऊस पडला आणि मी त्यांना केबिनमध्ये बोलावलं. सगळं ठरवून ठेवलं होतं. आमच्या घरी मागची खोली रिकामी आहे, दवाखाना पायी पाच मिनिटांवर. नवऱ्याने खाट आणून टाकली होती, मी मच्छरदाणी बांधली होती. म्हटलं, "भाऊ, मुलीला आत्ताच खाली घेऊन या. नाला चढायच्या आत. बाळंतपण माझ्या घरी. खर्चाचं, जेवणाखाणाचं काही बघू नका."

"तिची सोय झालीय," ते म्हणाले.

"कुठे?"

"प्रकाशा गावाजवळ. सरांच्या मळ्यात. घराशेजारची खोली दिलीय त्यांनी. परवा स्वतः गाडी घेऊन नाल्यापर्यंत आले होते तिला आणायला."

मला आधी कळेचना कोण सर. कळलं तेव्हा मी खुर्चीतून उठलेच. "त्याच्या मळ्यात? अहो भाऊ, त्याने तुमचं आख्खं गाव बुडवायची फरशी काढली होती! त्याच्यामुळे तुमचं वर्ष गेलं!"

"ते तेच म्हणाले. माझ्या गणितापायी तुमचं वर्ष गेलं, म्हणाले."

"मग? एवढं म्हटलं की संपलं? त्या माणसाच्या दारात जाऊन राहायचं, आणि मी इथे खाट टाकून बसलेय तर..."

भाऊंनी टेबलावरचा रिकामा कप उचलला. आवाज चढवला नाही. अठरा वर्षांत कधीच चढवला नव्हता.

"सरांना माहीत नव्हतं, मॅडम," ते म्हणाले. "मी तुम्हाला विचारलं होतं. तुम्हाला माहीत होतं."

ते कप विसळायला गेले. मी उभीच होते. अठरा वर्षांत ते मला पहिल्यांदा मॅडम म्हणाले होते. मला कुणाचं ऐकून घ्यायची सवय नाही, तडकाफडकी परत करते मी. त्या दिवशी मी ऐकून घेतलं. संध्याकाळी घरी जाऊन बांधलेली मच्छरदाणी काढून घडी घातली. नवऱ्याने खाट भिंतीशी उभी करून ठेवली.

त्या पाटीवाल्याला मी अजून माफ केलेलं नाही. फुकटात मोठा झाला, असंच मला वाटतं. आधी माझ्या फ्लूमवर झाला, आता माझ्या सुडावरही झाला. पाटी काढली म्हणून माणसाची हाव सुटत नाही, हे मी नवऱ्याला सांगते, आणि सांगताना मलाच ते पटत नाही.

श्रावणात नाल्याला तीन दिवस छाती होती. मुलगी खाली होती म्हणून वाचली. भाऊ चार दिवस रजेवर होते. मी फोन लावला, त्यांनी उचलला नाही. पाचव्या दिवशी मी स्टाफरूममध्ये डबा उघडून बसले होते. तो आला, समोरच्या खुर्चीवर बसला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत. भाऊंनी तुम्हाला कळवलं नसेल, म्हणून सांगितलं."